फक्कीच्या भिंती

नोकरी मागायला गेले तेव्हा सरांनी माझी डिग्री पाहिली नाही की ड्रॉइंगची फाईल उघडली नाही. खुर्चीतून उठले, मला दारात उभं केलं आणि म्हणाले, "खोली नीट पाहून घे. आता डोळे मीट अन् खिडकीपर्यंत जा." मी गेले आणि वाटेतल्या स्टुलावर अशी आपटले की नडगी सोलून निघाली. "ठीक हाय," ते म्हणाले, "उद्यापासून ये." आपटले म्हणून घेतलं, की आपटूनही घेतलं? हे मी पुढं कितीतरी वेळा विचारलं. "कोणतं स्टूल?" असं ते मलाच विचारायचे.

त्यांचं ऑफिस स्मृति नगरात, एका घराच्या तळमजल्यावर होतं. बाहेर पाटीवर नुसतं 'आर्किटेक्ट'. नाव नाही, फोन नंबर नाही. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण लहानपणीच भिलाईत आलेले. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशाला कायम पांढरी पूड लागलेली. बायको नव्हती, मुलं नव्हती, आणि स्वतःचं घर तर नव्हतंच. जगाची घरं बांधणारा हा माणूस भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि तिथला नळ गळायचा. वर आणखी गंमत म्हणजे त्यांना सरळ रेघ मारता यायची नाही. पट्टी धरूनही ती कुठंतरी पाघळायचीच. "रेघा मारायले तू हायेस न," म्हणायचे. कॉलेजात आम्हाला घोकवलं होतं, आर्किटेक्टला हात हवा, गणित हवं, कल्पनाशक्ती हवी, लोकांशी गोड बोलता यायला हवं. मी सरांकडं बघायची आणि यातलं एक तरी लक्षण सापडतंय का ते शोधायची. गोड बोलणं तर सोडूनच द्या.

घर बांधायला आलेल्या माणसाला ते पहिलं काय विचारायचे? "भांडण झालं का तुमी कोठी जाऊन बसता?" बायका लाजायच्या, पुरुष घसा खाकरायचे. मी समोर वही धरून बसलेली. यातलं काय लिहून घ्यायचं ते मला कळायचं नाही. कुणाच्या घरी गेले तर सोफा सोडून दाराच्या मागं फतकल मारून बसायचे आणि तिथूनच चहा मागायचे. यजमानांनी मला हळूच विचारावं, "ह्यांले बरं नाही का?" मी काय सांगणार कपाळ! मी नुसती हसायची.

पण सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे फक्की. खेळाच्या मैदानावर आखतात ना, ती पांढरी पूड. नकाशा तयार झाला की सर तो प्लॉटवर जसाच्या तसा, खऱ्या मापात, फक्कीनं आखून घ्यायचे. मग सगळं कुटुंब बोलवायचे आणि त्या फक्कीच्या घरात त्यांना अख्खी सकाळ राहायला लावायचे. बाईनं स्वयंपाक करायचा, पुरुषानं प्लांटच्या सकाळच्या ए शिफ्टला निघायचं, म्हाताऱ्यानं मोरीत जाऊन यायचं, सगळं खोटं खोटं. मधूनच "आता डोळे मिटा" म्हणायचे. स्वतः काळी छत्री घेऊन कडेला उभे. आजूबाजूची माणसं गच्चीवर येऊन फिदीफिदी हसायची. शेवटी सर एक तर "नाही जमलं" म्हणायचे, नाही तर काहीच म्हणायचे नाहीत. काही म्हणाले नाहीत म्हणजे पास, असं मी समजायची. 'जमलं' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डकाका आले होते. ऑफिसात शिरतानाच "जयभीम सर!" असा दणदणीत आवाज. सरांनी त्यांच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला गिलास दिला आणि डोळे मिटून फक्कीच्या घरातून फिरायला सांगितलं. काका दोन भिंती ओलांडून सरळ शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये. काकू खवळल्या. "हा आर्किटेक्ट हाय का मांत्रिक? चला हो घरी!" पण घरी जाण्याआधी त्या कोपऱ्यात एका जागी आपसूक चपला काढून क्षणभर उभ्या राहिल्या. मला वाटलं, खडा टोचला असेल. सरांनी दुसऱ्या दिवशी मी मरमर करून काढलेला जिना तिथून उचलून दुसरीकडं टाकला आणि ती जागा बुद्धाच्या मूर्तीसाठी सोडली. घर झाल्यावर काकू डबाभर खीर घेऊन आल्या. "सर, तुमाले कसं कळलं?" म्हणाल्या. सर म्हणाले, "काय कळलं?" आणि खीर खायला लागले.

हे असं! धड उत्तर म्हणून नाही.

आता क्वार्टरचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भिलाईच्या स्टील प्लांटनं नोकरदारांना दिलेली आमची सेक्टरांतली क्वार्टर्स सगळी एका साच्यातली. मैत्रिणीकडं पहिल्यांदा गेलं तरी पाणी कुठं, मोरी कुठं, हे विचारावं लागत नाही. पाय आपोआप वळतात. सगळी हयात प्लांटच्या क्वार्टरात काढून माणूस रिटायर होतो, क्वार्टर सोडावं लागतं, तो प्लॉट घेतो आणि छाती फुगवून म्हणतो, "आमाले एकदम मॉडर्न पाहिजे." मग बोलता बोलता सुरू. किचन डाव्या हाताले ठेवा, संडास मागं, समोर जाळी लावलेला व्हरांडा. झालं, पुन्हा क्वार्टर! सर चिडून लालबुंद व्हायचे. "साहेब, प्लांटनं तुमाले सोडलं, तुमी कावून नाही सोडून राहिले त्याले?" ऑफिसात नियम असा एकच होता. काही पण काढा, क्वार्टर काढायचं नाही. माझ्या आधीच्या असिस्टंटनं एकदा ते काढलं आणि सरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, असं मी ऐकून होते.

एका शाळेनं त्यांना बोलावलं होतं, मुलांना मार्गदर्शन करायला. विषय, 'आर्किटेक्ट होण्यासाठी लागणारे गुण'. मी बापडी दोन दिवस बसून मुद्दे काढून दिले. सरांनी तो कागद घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातला. शाळेत माईकसमोर उभे राहिले आणि मुलांना हिंदीत विचारलं, "घरी पाहुणे आले की आपली झोपायची जागा कुणाकुणाला सोडावी लागते?" मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग बरेच हात वर आले. "तुम्ही आर्किटेक्ट होऊ शकता," सर म्हणाले आणि खाली बसले. पहिल्या रांगेत एक मुलगी होती, चित्रकलेत नेहमी पहिली येणारी. तिनं हात वर केला नव्हता. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, और मैं?" सर उठले, तिच्यापाशी गेले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "बेटा, तू एक महिना ज़मीन पर सोकर देख." प्राचार्यांनी टाळ्या वाजवाव्या की माफी मागावी, ते त्यांना समजेना. परतताना मी रिक्षात भडकले. "सर, हे काय उत्तर झालं?" ते म्हणाले, "मले तरी कुठं माहीत हाय उत्तर? बोलावलं म्हणून गेलो."

अशा माणसाच्या शब्दावर माझं नशीब टांगलं होतं. कारण बाबांचा आधीपासून जीव वरखाली होत होता. बाबा प्लांटमध्ये क्लार्क, सेक्टर दोनमध्ये आमचं क्वार्टर, रिटायरमेंट तोंडावर, घरासाठी प्लॉट घेऊन ठेवलेला. मुलीनं बँकेत लागावं असं त्यांच्या मनात. एक दिवस ते थेट ऑफिसात आले.

"सर, एक विचारतो. राग नका मानू. हिच्यात ते हाय का? नसन त बँकेच्या परीक्षेले बसवतो. वय निघून चाललं पोट्टीचं."

सर नेहमीप्रमाणे दारात उभं राहून चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी आजच आले. "मले नाही सांगता येत," म्हणाले. "तुमी घर बांधून राहिले न? हिलेच काढू द्या."

"अन् नाही जमलं त?"

"त बँक हाय न."

बाबांना हे एकदम पटलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, सर 'जमलं' म्हणतील त तू आर्किटेक्ट, नाही त गपचूप बँकेचा अभ्यास. मी कपाळावर हात मारला. जो माणूस 'जमलं' म्हणतच नाही, त्याच्याकडून मी ते वदवून घेणार कसं?

पण मी जिद्दीला पेटले. स्मृति नगरातल्या आमच्या प्लॉटसाठी असं घर काढलं, असं घर काढलं की काय सांगू! किचन मोकळं, हॉल दुमजली उंच, मधून वळत गेलेला जिना. त्या जिन्याच्या रेलिंगपायी मी आठवडाभर धड जेवले नसेन. फक्की पडली. आई, बाबा प्लॉटवर आले. बाबा ऐटीत फिरले. आई मात्र मधोमध उभी राहिली, इकडं तिकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अवं, आपण कोणाकडं आलो?" बाबा आणि मी खदखदून हसलो. सर हसले नाहीत. ते आपली छत्री तिच्या डोक्यावर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "नाही जमलं."

मी पुन्हा काढलं. जिना कडेला घेतला, हॉल लहान केला, उजेड वाढवला. या खेपेला आई विटांच्या ढिगावर जाऊन बसली आणि उठेचना. "मले घरी जायचं हाय," एवढंच. उन्हाचा त्रास झाला असेल, असं आम्ही म्हटलं.

"नाही जमलं."

"पण काय चुकलं सर? हवा आहे, उजेड आहे, सगळं मापात आहे!"

"मले काय माहीत? मी थोडाच राहून राहिलो तिथं."

मला त्यांचा इतका राग आला की छत्री हिसकून घ्यावी असं वाटलं. घरी येऊन मी रडले. आईनं पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सासरी काई झालं का गं?" माझं लग्न झालेलं नव्हतं. आईचा टोमणा समजून मी आणखीच रडले. अलीकडं तिचं असं चालायचं. भाजीत दोनदा मीठ, मला मावशीच्या नावानं हाक, बाजारातून यायला उशीर, आणि विचारलं तर "गप्पा मारून राहिली होती" हे ठरलेलं उत्तर. वय झालं, असं बाबा म्हणायचे. मीही तेच म्हणायची.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अंधड आलं. धूळ, वारा, दारं आपटायला लागली, आणि भिलाईभर लाईट गेली. क्वार्टरात मिट्ट काळोख. बाबा उठले आणि पाण्याच्या माठावर आदळले. मी मोबाईल शोधताना खुर्चीला ठेचकाळले. आई तेवढी उठली. एकदाही चाचपडली नाही. मागचं दार लावून खिटी घातली, दोन्ही खिडक्या ओढल्या, तारेवरचे कपडे आत आणले, फळीवरून काडेपेटी काढून दिवा लावला आणि बाबांचा चष्मा त्यांच्या हातात दिला. मग दिव्याच्या उजेडात माझ्याकडं पाहून हसली आणि म्हणाली, "तुमी कवा आल्या?"

बाबांचा चष्मा हातातच राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. आईला काय होतंय हे आम्हाला या क्वार्टरनंच कळू दिलं नव्हतं. इथं तिला काही आठवावंच लागत नव्हतं. तिचे हात सगळं करून टाकत होते. आणि हे क्वार्टर आठ-नऊ महिन्यांत सुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, बरं होणार नाही पण चाल जरा मंदावेल असं समजावलं. घरी आल्यावर मी टेप घेऊन आमचं क्वार्टर मोजायला लागले. दार, फळी, मोरीचा उंबरा, सगळं. आमच्याकडं लाईटची बटणं जुन्या पद्धतीची, खांद्याच्याही वर. तेही मोजलं. आणि जे काढायचं नाही तेच काढलं.

"सर, मी क्वार्टर काढलंय," मी ऑफिसात कागद ठेवून सांगितलं. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते.

सरांनी कागदाकडं फार वेळ पाहिलं नाही. फक्कीचं पोतं उचललं आणि चालायला लागले. त्या दिवशी फक्की त्यांनी स्वतः टाकली, सगळ्या भिंती वाकड्या. बाबा आईला घेऊन आले. आईनं फक्कीच्या बाहेर चपला काढल्या. आत आली, कुणाकडं न बघता डावीकडं वळली, उजवा हात वर नेला आणि भिंत नसलेल्या भिंतीवरचं बटण दाबलं. मग सरांकडं वळून म्हणाली, "बसा न. चहा ठेवते."

सर तिथंच मातीत मांडी घालून बसले. "साखर कमी, वहिनी," म्हणाले.

आई आत गेली, म्हणजे चार पावलं पलीकडं, आणि नसलेल्या ओट्यावर नसलेलं पातेलं ठेवायला लागली. बाबांनी डोळे पुसले. मग त्यांच्यातला क्लार्क जागा झाला. "मग सर? जमलं का?"

सर म्हणाले, "चहा त येऊ द्या."

बस. एवढंच! मी वाट पाहत उभी. पुढं एक अक्षर नाही.

आई-बाबा गेल्यावर मी त्यांना धरलंच. "सर, तुम्हाला आईचं कधी कळलं?"

"पयल्या फक्कीले."

"मग सांगितलं कावून नाही मले?" मी चिडले की माझी मराठी घरची होते. "माझी आई हाय ते! महिनाभर आधी डॉक्टरकडं नेलं असतं न!"

सर खिशावरची फक्की झटकत राहिले. पहिल्यांदाच मला ते ओशाळलेले दिसले. "सांगायले आलो होतो तुया टेबलापाशी," म्हणाले. "तू जिन्याच्या रेलिंगबद्दल बोलून राहिली होती. मले मधात तोडता नाही आलं. अन् मंग वाटलं, मले तरी कुठं पक्कं माहीत हाय. मी काय डॉक्टर हाव?"

त्यांनी गप्प राहून मला शिकवलं, की त्यांना भीती वाटली, की खरंच ते रेलिंगला अडखळले? मी त्यांच्यावर रागावून दोन दिवस ऑफिसला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर माझ्या टेबलावर पुढच्या घराची मापं पडलेली. सर म्हणाले, "उशीर कावून?" मी कामाला लागले. बाबांनी बँकेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण मनातून तो माझ्या मानेवर बसून होता. लोकांनी विचारलं तर मी "सरांकडं असते" म्हणायची. आर्किटेक्ट आहे असं म्हणायला जीभ रेटायची नाही.

घर झालं. बटणं एवढी वर लावायला इलेक्ट्रिशियन तयार नव्हता. "मैडम, आजकल कोई इतना ऊपर नहीं लगाता," म्हणून भांडला. शेजारीपाजारी म्हणाले, पोरगी आर्किटेक्ट आणि घर बघा, अगदी क्वार्टर! आई मात्र पहिल्या दिवशी आत शिरली ती सरळ किचनात.

वर्षभरानं सर गेले. झोपेतच. त्यांच्या त्या दोन खोल्या रिकाम्या करायला मी गेले होते. ओळखीच्या खोल्या, तरी कुठं काय ठेवलंय ते मला सापडेना. नळ गळतच होता. मी तो घट्ट करायला गेले, तो आणखी गळायला लागला, आणि मला रडू कोसळलं. ते मोठे आर्किटेक्ट होते की वेळेवर तोंड न उघडणारा एक विक्षिप्त माणूस, याचा निकाल मला अजून लावता येत नाही. एका दिवशी एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. राग आहे, आणि आठवणही येते.

आई आता मला ओळखत नाही. "तुमी" म्हणते, मानानं वागवते. परवा दिवेलागणीला आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसलो होतो. अंधारून आलं तशी ती उठली, हात वर नेला, बटण दाबलं. खोलीभर उजेड झाला. मग ती तिथंच थांबून छताकडं, दाराकडं, फळीकडं निरखून पाहायला लागली, जसं काही पाहुणी आलीय.

"घर चांगलं हाय जी तुमचं," म्हणाली. "कोणी बांधलं?"

सरांचं नाव अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. "तुमच्या पोरीनं," मी म्हटलं.

"माया पोरीनं?" तिचा चेहरा खुलला. "आर्किटेक्ट हाय का ते?"

"हो," मी म्हटलं. "आर्किटेक्ट आहे."

आईनं भिंतीवरून सावकाश हात फिरवला.

"जमलं बाई तिले," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.